सकाळी आलेला फोन

२ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. गुडघा जरा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जिना चढू नका म्हटलं तरी तुम्ही चढणारच, तेव्हा निदान कठडा धरून चढा. नव्या चष्म्यातून पायऱ्या हलल्यासारख्या दिसतात म्हणता, ते आठवडाभर होणारच. नाही थांबलं तर परत पाठवा. भिंगं मीच घासली आहेत, त्यामुळे शिव्याही मलाच द्यायच्या.

इकडे सगळं ठीक. दुकानात काम भरपूर आहे. मालकांनी आणलेलं नवं यंत्र जुन्यापेक्षा जास्त ओरडतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वायसर मीच बदलला.

तुम्ही लिहिलंय की मी एकदा यावं आणि तुमच्या भावाला घरी घेऊन जावं. असं दुःख वाट्याला आलं की नवरा-बायको उलट आणखी जवळ येतात, मग तुमचंच असं का व्हावं, असं विचारलंत. अक्का, आमची पोर मिरी गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगून गेला. शेजारच्या बाई, तिच्या वर्गाच्या शिक्षिका, माझे मालकसुद्धा. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की हे कधीतरी आपोआप होईल. आम्ही वाट पाहिली. तो त्याच्या खुर्चीत, मी माझ्या. मधे टेबल. वर्षभर आम्ही फक्त दूध, वीजबिल आणि किल्ली एवढंच बोललो. मग त्याने तुमच्या गावच्या छापखान्यात बदली मागून घेतली. मी अडवलं नाही.

हे एवढंच लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. पण तुमच्या पत्रातली शेवटची ओळ काही केल्या डोक्यातून जाईना. जेवताना तुम्ही त्याला बोलून गेलात, "पोरीला सकाळीच नेलं असतंस तर आज ती असती," आणि तो ताट सोडून उठला. बोलल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण जे खरं ते खरं, असंही तुम्ही लिहिलंत.

ते खरं नाही, अक्का. म्हणून पाकीट फोडलं.

त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती, म्हणून मिरीजवळ तो होता. साडेनऊला त्याने मला दुकानात फोन केला. म्हणाला, ताप वाढलाय, मान दुखतेय म्हणते, खिडकीचा पडदा लावायला सांगते, दवाखान्यात नेऊ का? माझ्यासमोर अकरा चष्म्यांचं काम पडलं होतं. आदल्या महिन्यात पोटदुखीचं सोंग करून तिने दोनदा शाळा बुडवली होती. मी म्हणाले, "आज गणिताची परीक्षा आहे, म्हणून नाटक चाललंय. गोळी दे आणि झोपू दे. संध्याकाळी मी बघते." तो म्हणाला, मला हे वेगळं वाटतंय. मी म्हणाले, "तू लगेच घाबरतोस." आणि फोन ठेवला.

दोन वाजता त्याने मला न विचारता तिला उचलून नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर त्याला विचारत होते, मेंदूच्या आवरणाला सूज आलीय, सकाळपासून मान दुखत होती तर तेव्हाच का नाही आणलं? त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे बघितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, ताप उतरेल."

दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गेली. त्यानंतर ज्याने ज्याने विचारलं, त्याला त्याने तेच वाक्य सांगितलं. माझ्या आईला, शाळेत, तुम्हाला. प्रत्येक वेळी मी शेजारी बसलेली असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही. सुरुवातीला घाबरून, आणि नंतर इतका उशीर झाला होता की बोलायचं कसं, तेच कळेना.

त्याला ताटावरून उठवू नका. बोलायचं असेल ते मला बोला.

तुमची
(वहिनी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा)


१९ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण पत्र तुम्ही त्याला वाचायला दिलंत, ते बरं केलंत.

रविवारी तो आला. बेल वाजवली. स्वतःच्या घराची किल्ली खिशात असून बेल वाजवली. चहा घेतला. मग मिरीचं कपाट उघडलं. मी दीड वर्षात ते उघडलं नव्हतं. तिची चित्रांची वही निघाली. एका चित्रात आम्ही तिघं होतो. त्याला तिने मिशी काढली होती, जी त्याला कधीच नव्हती, आणि मला चार हात. आधी तो हसला. मग आम्ही दोघं जमिनीवर बसून रडलो, पहिल्यांदाच एकत्र. तासभर तरी. लोक सांगत होते ते अगदीच खोटं नव्हतं, अक्का. तासभर ते खरं होतं.

मग मी माफी मागितली. तो म्हणाला, "दवाखान्यात मी ते बोललो, ते तुला त्या घडीपुरतं सांभाळायला. वाटलं, घरी गेल्यावर तू म्हणशील की फोनवर मीच नको म्हणाले होते. एवढंच. चूक माझीपण होती, मी तुझं ऐकलं. दोघांनी मिळून ते ओझं उचललं असतं."

मी विचारलं, "किती दिवस वाट पाहिलीस?"

"टेबलाशी बसायचो ना रोज, ते त्याचसाठी."

आता राहशील का, असं विचारायला मला बराच वेळ लागला. त्याने वही बंद करून कपाटात ठेवली.

"राग गेला," तो म्हणाला. "पण ते पत्र तू अक्काला लिहिलंस. मला लिहायला हवं होतंस."

साडेपाचच्या बसने तो परत गेला. जाताना किल्ली कपाटावर ठेवून गेला.

तो आता तुमच्याकडेच राहील. मला विचारलंत तर मी काय सांगणार, पण तो गप्प बसला की त्याला एकटं सोडू नका. काय झालं ते विचारा. लगेच सांगणार नाही, दोनदा विचारा. मी एकदाही विचारलं नाही.

मिरीची आई