बाई, पगार कुठे ठेवता?

ता. ६ जुलै १९३४
शाळेच्या मोठ्या बाईंनी नवा तास गळ्यात घातला. वरच्या वर्गाला आठवड्यातून एकदा, दर शुक्रवारी, ‘घरखर्च व शिल्लक’. पोरी उद्या संसाराला लागणार, पैशाचं वळण आत्ताच लागलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. हो म्हटलं. नाही म्हणायची सवय कुठे आहे?

ता. १३ जुलै
पहिला तास. फळ्यावर दोन रकाने, जमा आणि खर्च. मीठ, रॉकेल, वांगी... पोरी भराभर भाव सांगत होत्या, मी नुसती लिहीत होते. आमच्याकडे बाजार माझे भाऊ, अण्णा, करतात. शेवटी ऐटीत सांगितलं, आपल्या कमाईचा पैसा कुठे असतो नि कशाला जातो, हे ज्याचं त्याला ठाऊक हवं. बोलून गेले खरी.

ता. २० जुलै
नरसम्मा विणकराची पोर. शाळा सुटली की घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरते, त्यातले दोन पैसे आई तिला वेगळे ठेवू देते. आज उभं राहून विचारलं, “बाई, तुमचा पगार तुमी कुटं ठेवता?” चेष्टा नव्हती. पोरीला खरंच शिकून घ्यायचं होतं.
“घरी, पेटीत.”
“कुलूप लावता की?”
“हो तर.”
साफ खोटं. पेटी आहे, कुलूपही आहे. आत दोन लुगडी आणि ह्यांचा फोटो. पगाराची मी फक्त सही करते. पैसे अण्णा नेतात, दर महिन्याला शाळेच्या ऑफिसात येऊन. नोकरी लागल्यापासून हेच. पगार कधी हातात धरला नाही.

ता. २२ जुलै
डोक्यातून जात नाही. अण्णांबद्दल वाईट लिहिणार नाही. हे गेले तेव्हा सासरच्यांनी मला परत पाठवलं. सगळे नको नको म्हणत असताना या माझ्या भावाने मला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं, लोकांची बोलणी खाल्ली. घरात मला काही कमी पडू दिलं नाही. मग हवंय काय मला? पैसे घेऊन करणार काय? खरंच माहीत नाही. पण पोरींपुढे पुन्हा खोटं बोलवणार नाही, एवढं नक्की.

ता. २६ जुलै
आज विचारलं. अण्णा पान लावत होते.
“या महिन्यापासून पगार मी आणू का?”
पानाला चुना लावला. मग, “हिशेब हवाय?”
“हिशेब नको, अण्णा.”
“मग विश्वास नाही म्हण.”
आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. पान तबकात तसंच ठेवून उठले. मी फार रडले. माझं चुकलं असं मात्र अजून वाटत नाही.

ता. २७ जुलै
तासाला नरसम्माला उठवून सांगितलं, मागच्या वेळी मी खोटं बोलले, पगार माझे भाऊ ठेवतात. “व्हय?” म्हणाली आणि खाली बसली. कुणी हसलं नाही.
घरी अबोला. मागच्या दारी भांडी घासताना वहिनी हळूच म्हणाल्या, (मंगळवेढ्याकडच्या, बोलणं अजून तिकडचंच) “वन्सं, तुमचा राग न्हाय त्यास्नी. आज तुमी मागितलं, उद्या मी बी मागंन की, ह्याची धास्ती हाय.” आणि हसल्या. मला हसता आलं नाही. वहिनींच्या हातात मी कधी पैसा पाहिला नव्हता. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ता. १ ऑगस्ट
अण्णा ऑफिसात आले नाहीत. कारकून दाराकडे बघत म्हणाला, “थांबू या की थोडं, येतील.” मी सही केली आणि हात पुढे केला. नोटा पदराला बांधून शुक्रवार पेठेतल्या घरापर्यंत चालत आले, सारा रस्ता गाठ मुठीत.
अण्णा ओसरीवर होते. “पाच रुपये माझ्याजवळ ठेवते, बाकीचे घरात घ्या.”
“तुझे आहेत, तूच ठेव. मी हात लावणार नाही.”
मग मीही हट्टाला पेटले. सगळेच देवापुढे ठेवले.

ता. ३ ऑगस्ट
पैसे अजून देवापुढेच. अण्णा पूजा करतात ती त्यांना वळसा घालून. मी तिकडे फिरकत नाही. बाजार झालेला नाही.
सकाळी दूधवाली दारात उभी, महिन्याचे पैसे मागत. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, देवापुढची एक नोट उचलली, तिला दिली. मोड परत घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. कुणाला विचारलं नाही. भाकरी थापायला पुन्हा आत गेल्या. अण्णा बघतच राहिले. मीही.
देवापुढे अजून बऱ्याच नोटा आहेत. दुपारी तास आहे, नरसम्मा पुन्हा विचारेल.