अकरा फटके

५ एप्रिल २०२५, शनिवार

आलो बाई एकदाचे चेन्नईत. मी, आठ वर्षांची भव्या, तीन बॅगा आणि आंजर्ल्याहून जपून आणलेली कोकमाच्या आगळाची बाटली, जी कल्याणलाच फुटली. आता सगळ्या कपड्यांना आगळाचा वास आहे. भव्याचे बाबा बोटीवर, अजून पाच महिने येत नाहीत. तोवर आम्हा दोघींचं राज्य.

नुंगंबाक्कममधली जागा झकास आहे. घरमालकीण राजसबाई तंजावरच्या मराठी, बँकेतून निवृत्त झालेल्या. "जेवण जाहलें काय?" असं विचारतात, मला वाटलं बखरीतून उठून आल्या. मी हसले, तर त्यांनीही माझ्या मराठीला नावं ठेवली, फार घाईची आहे म्हणाल्या. पहिल्याच दिवशी गट्टी जमली. कॉफी दोनदा झाली.

सोमवारपासून मी एन्नोरच्या बाजूच्या समुद्र-उद्यानाची व्यवस्थापक. माझे बाबा आमच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे आणि रोज रात्री वही लिहायचे. तीच खोड मला लागली आहे.

७ एप्रिल, सोमवार

लोकलने बीच स्टेशन, तिथे गाडी बदलून एन्नोर. उद्यानाच्या एका अंगाला वीजकेंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला कोळ्यांच्या होड्या, मध्ये झोपाळे, सायकलींची वाट आणि मिरचीभज्यांच्या गाड्या. पण लोक येतात ते तळ्यासाठी. समुद्राचाच एक तुकडा दगडी बांध घालून अडवलाय. भरतीला पाणी बांधावरून आत येतं, ओहोटीला दगडांच्या फटींतून निघून जातं. उतरायला नऊ पायऱ्या. नववी पायरी उघडी पडली की ओहोटी पुरी, आणि मग दीड तास पाण्यात खेळायची मुभा. तेवढ्या दीड तासावर इथलं सगळं चालतं, भज्यांच्या गाड्यासुद्धा.

वेळेचा फळा मानाजी लिहितात. तेही तंजावरचे. बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवण्यात त्यांची हयात गेली. तळं उघडण्याआधी ते वेत घेऊन शेवटच्या पायरीवर उतरले आणि स्तब्ध पाण्याला सपासप सात फटके मारले. इथल्या जुन्या कोळ्यांची रीत म्हणे. मला हसू फुटलं. आमच्याकडे दोन पुरुष उंच पाणी चढतं, इथे जेमतेम कमरेएवढं. एवढ्याशा समुद्राला कोण मारतं?

११ एप्रिल, शुक्रवार

उद्या पौर्णिमा, शिवाय शनिवार. मानाजींनी फळ्यावर लिहिलं, ओहोटी दुपारी २.४०. एप्रिलमधल्या चेन्नईत त्या वेळेला कावळासुद्धा बाहेर पडत नाही. मी आपला घरचा हिशोब केला. तिथीची पाऊणपट. पौर्णिमेचे पंधरा, त्यांची पाऊणपट सव्वाअकरा, ती भरतीची वेळ. पुढे सहा तासांनी सव्वापाचला ओहोटी. बाबांनी आयुष्यभर तर चालवली ती याच हिशोबावर, आणि एकदाही वाळूत रुतली नाही.

मानाजी म्हणाले, आपल्या कचेरीत छापील तक्ता आहे तो पाहा, हा समुद्र वेगळा. मी सांगितलं, तीन पिढ्या भरती बोटांवर मोजणाऱ्यांना तक्ता लागत नाही. लोकांसमोर फळा पुसला आणि ५.१५ लिहिलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. जरा वाईट वाटलं, पण जराच.

वेताचं मात्र मला आवडलं. तीस वेत मागवले आहेत. 'पाण्याला मारा' असा खेळ ठेवणार. पोरं खूश होतील.

१२ एप्रिल, शनिवार

तुडुंब गर्दी. सव्वापाचला सहाच पायऱ्या उघड्या होत्या. खालच्या वाळूत गेल्या असतील म्हणून मी सोडून दिलं. मानाजींनी वेत हातात घ्यायला साफ नकार दिला. सगळ्यांदेखत, मराठीत, मला एकटीलाच कळेल असं म्हणाले, "अम्मा, थांबलेलें पाणी मारिलें तर निजतें. चढतें पाणी मारूं नये. चढतें पाणी मोजतें."

मला राग आला. बाईच्या हाताखाली काम करणं यांना जड जातंय, असंच वाटलं. मी मुरलीला पुढे केलं. मुरली आमचा जीवरक्षक, खांदे दाराएवढे, स्वभाव लोण्याचा. त्याने फोनसमोर दात दाखवत चाळीस फटके मारले, लोकांनी तमिळमध्ये मोजले, नंतर स्वतःही वेत उचलले. मग मी भव्याच्या हातावर हात धरून मारले. ती मराठीत मोजत होती. अकरापर्यंत. दमली आणि हसत सुटली. फार दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली.

१६ एप्रिल, बुधवार

तळं दोन दिवस बंद ठेवलंय, जीवरक्षक आजारी. मुरलीच्या पाठीवर तीन वळ उठलेत, लालजर्द, बोटभर रुंद. आंघोळ करताना उठले म्हणतो. घरी भांडण झालं असेल, सांगायला लाजत असेल. मी हळद लावायला सांगितलं.

मानाजींनी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

२१ एप्रिल, सोमवार

त्या दिवशी खेळलेल्या एका बाईंचा फोन आला. बेसिनमध्ये तोंड धुताना दोन दात पडले. तुमच्या पाण्यात काय आहे, असं विचारत होत्या. बोलताना तोंडात रक्त असावं, शब्द नीट निघत नव्हते.

मुरलीचे वळ आता अकरा. नळाखाली हात धरला की बसतो म्हणे फटका, फक्त समुद्राला भरती चढत असताना. मी त्याला ओरडले. तो माझ्याकडे बघत राहिला, भव्या ताप आल्यावर बघते तसा.

त्याला रजा द्यायला हवी. रविवारी अमावास्या, गर्दी होणार. ती झाली की देते.

२७ एप्रिल, रविवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

फळ्यावर ५.१५ मीच लिहिलं होतं. मुरली एका मुलीची चप्पल काढायला उतरला. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. पहिला फटका आवाजाने कळला, वेताचा आवाज, ओल्या पाठीवरचा. कुणी मारणारं नव्हतं. तो वळला, तर तोंडावर बसला आणि जबडा एका बाजूला गेला. लोक ओरडत पायऱ्या चढले. मी मोजत होते. का मोजत होते? त्याचा हात कोपरातून उलटा वळला, हाड पांढरं दिसलं. तो बांध धरायला जायचा आणि पाणी त्याला बोटांवर मारायचं. खांद्याचं मांस निघून आलं. तो आईला हाक मारत होता. सगळं पाणी लाल झालं तरी चाललंच होतं.

एकोणतीस. आधीचे अकरा. चाळीस.

मग पाणी शांत.

पोलिसांनी उद्यान बंद केलं. मी कचेरीत जाऊन खणातला छापील तक्ता काढला. बारा एप्रिल, ओहोटी २.४०. आजची २.३५. बाबांचा हिशोब बाबांच्या किनाऱ्याचा होता. इथे पाणी जवळजवळ तीन तास आधी उतरतं. त्या दिवशी मी चढत्या पाण्याला मारलं, आणि माझ्या मुलीचा हात धरून तिच्याकडूनही मारवलं.

मुरलीला मी मारलं. दुसरं काही म्हणता येणार नाही.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी सात. बादलीतलं पाणी आपोआप काठापर्यंत आलं. नळ बंद होता. भव्याने तांब्या बुडवला आणि किंचाळली. तळहातावर दोन वळ, एकावर एक.

मला पाठीवर अजून एकही नाही. आधी तिला का?

तिचे नऊ राहिले. माझे अकरा.

सगळं पाणी ओतून दिलं. राजसबाई भव्याला कुशीत घेऊन बसल्या आहेत, ओल्या फडक्यालासुद्धा हात लावू देत नाहीत.

२९ एप्रिल, मंगळवार

मानाजी घरी आले. मी पाय धरले. त्यांनी मला उठवलं. म्हणाले, एकच उपाय कोळ्यांनी सांगितला होता. पाणी पुरतं उतरून थांबतं, त्या घडीला, ज्या हातांनी मारलं त्या हातांनी वेत पाण्याला परत द्यायचा. मुरलीला सांगितलं होतं. पण खऱ्या ओहोटीला उतरलं तर माझी चूक उघडी पडेल आणि माझी नोकरी जाईल अशी त्याला भीती वाटली, म्हणून तो थांबला.

माझी. त्याची नव्हे, माझी.

उद्या ओहोटीला पायऱ्यांवर भेटू, असं ठरलं. मी हो म्हटलं. वेत सापडला, भव्याने खेळण्यांत ठेवला होता. आम्ही निघताना राजसबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवायचं कबूल केलंय. भव्या झोपलीय. तळहात मुठीत मिटून.

३० एप्रिल, बुधवार

लोकलमध्ये. भव्या खिडकीशी. आज तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. पुढे सहा तास, ओहोटी सव्वाआठ. पावणेआठ वाजलेत. वेळेत पोचू. बोटांवर तीनदा मोजलं. बाबांचा आवाज कानात आहे, चुकायचं नाही.

८.१०. मागच्या फाटकातून आलो. मानाजी नाहीत. चहावाला म्हणतो, पहाटेपासून बसले होते, फोन लावत होते, सातला आम्हाला शोधायला नुंगंबाक्कमला गेले. फोन माझ्या पिशवीत. आवाज बंद. चौदा मिस्ड कॉल.

पहाटेपासून का—

फळा. त्यांच्या अक्षरात. ओहोटी पहाटे ५.२०.

मी पुन्हा तिकडचाच हिशोब—

पायऱ्या सहा. नाही, पाच. भव्या कुठे—

भव्या खाली उतरलीय. वेत पुढे धरलाय. सांगितलं तसं करतेय. माझं ऐकून—

धरलं तिला. पोटाशी. पाठ समुद्राकडे. वर चढता येत नाही, पायच मारले. गुडघा गेला. वही पायरीवर—

चार. पाच. माझ्याच पाठीवर. चालेल.

आठ. काही दिसत नाही डाव्या डोळ्याने. भव्या मोजतेय. तिला थांब म्हटलं, थांबत नाही, मराठीत मोजतेय.

अकरा.

झाले माझे. थांबलं. भव्या, थांबलं बघ—

नाही. कुशीतून आत येतंय. तिचा हात शोधतंय. तिचे नऊ मला दे, मी धरला होता तिचा हात, मी, मोजायचे तर माझ्यात मो—