शेवग्यावरची मोहीम

४ ऑगस्ट, सकाळ
दारासमोरच्या शेवग्यावर केसाळ सुरवंट. खोडावर तपकिरी घोंगडी पांघरल्यासारखे शेकड्यांनी चिकटलेत. घरमालकीण तुंगाबाई वरून म्हणाल्या, कंबळी हुळ आहेत (कानडीत केसाळ सुरवंट), फवारणीवाल्याला बोलावते. मी थांबवलं. घरात लहान मुलगी, केमिकल नको. ऑरगॅनिक पद्धतीने दोन दिवसांत संपवतो, झाड वाचवतो, असा शब्द दिला. संयोगिता काहीच बोलली नाही. बायकोचा असा पाठिंबा लागतो.

५ ऑगस्ट
निंबोळी तेल मारलं. सुरवंट वर सरकले. म्हणजे घाबरले.

७ ऑगस्ट
आर्याच्या दोन्ही हातांवर पुरळ. सुरवंटाचे केस लागले, डॉक्टर म्हणाले. पोर रात्रभर रडली. संयोगिता तिला घेऊन बहिणीकडे इंदिरानगरला गेली. तूही चल म्हणाली. कसा जाणार? मोहीम अर्धवट आहे.

८ ऑगस्ट
एक सुरवंट दारावर. एक कडीवर. आजपासून वर्क फ्रॉम होम. स्ट्रॅटेजिक निर्णय. खिडक्यांच्या फटींना पॅकिंग टेप लावली. काचांवर पेपर चिकटवले, सुरवंट दिसले की कामात लक्ष लागत नाही.

९ ऑगस्ट, दुपार
दारालाही टेप. आता एकही आत येऊ शकत नाही. मीही बाहेर जाऊ शकत नाही, पण तो मुद्दा वेगळा. दूध संपलं. तुंगाबाई वरून दोरीने पिशवी सोडते म्हणाल्या. खिडकी उघडावी लागली असती. नको म्हटलं.

१२ ऑगस्ट
हवा कोंदट. सकाळी पोहे, दुपारी पोहे. सारखी खाज येते. आरशात पाहिलं, काही नाही. संयोगिताचा फोन. कसं चाललंय? म्हटलं, शेवटचा टप्पा.

१४ ऑगस्ट
बेल वाजली. दार न उघडता विचारलं कोण. तुंगाबाई.
"सुमंतराव, हुळ सोमवारीच गेले. झाडावर स्वल्पसुद्धा पाला उरला नाही, खाणार काय? तुम्ही कोणासाठी आत बसलाय?"
टेप ओढून दार उघडलं. उजेडाने डोळे दिपले. शेवग्याच्या नुसत्या काड्या. तुंगाबाईंच्या मागे संयोगिता, तिचा हात धरून आर्या.
"बाबा, तू इतके दिवस आत काय करत होतास?"
संयोगिता माझ्याकडे बघत होती.
मीटिंग होती, असं सांगितलं.