कांदा: लगेच लागली

दादा,

डब्यावरची तुझी चिठ्ठी वाचली. ‘भाजीत कांदा भरपूर घातलाय, वर ग्लासभर दूध पी. तुझ्या वहीत पाहिलं, या दोन्हींनी तुला लगेच भूक लागते.’

अरे शहाण्या, भूक नाही लागत! काय खाल्लं आणि पुढे काय झालं, ते डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलंय. ‘कांदा: लगेच लागली’ म्हणजे मी संडासाकडे पळाले. महिनाभर मी पळतेय, आणि बारीक झाले म्हणून तू मला आणखी कांदा चारतोयस!

आज क्रेन चालवायची परीक्षा आहे. एकदा वर चढले की तीन तास उतरता येत नाही. केबिनमध्ये बसायला खुर्ची आहे, पण तसली नाही. म्हणून साधा भात आणि उकडलेली गाजरं घेऊन जातेय. चहाही घेतला नाही. परीक्षकांनी भीती कशाची वाटते विचारलं, तर उंचीची नाही, भावाच्या मायेची म्हणून सांगेन.

तुझा डबा तूच संपव. संध्याकाळचं जेवण मी रांधते. पास झाले तर दोघांचं, नापास झाले तर फक्त माझं.

बारकी