रिकामी चाललेली रंधा मशीन

थोरल्याच्या आई, लेकीकडे गेल्यापासून तुझे गुडघे कसे आहेत गं? धाकटे, तुझा खोकला गेला का? आणि थोरल्या, तुला झोप लागते का? हे तुला कधी कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

मी, धंद्याने सुतार, वय बहात्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. मन शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. दोन वर्षं त्यांच्याकडेच मनाचं औषध घेतो, म्हणून ते शाबूत आहे. घरात सांगितलं होतं, पाठीचं औषध.

१. घर व बँकेतली ठेव बायकोची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. पटाशा, करवती, हातरंधे लेकीला. लहानपणी हात लावायची तेव्हा मी हाकलायचो. चुकलं.

३. मेहुण्याने नेलेली शिडी त्यालाच राहो. वीस वर्षांचा अबोलाही मिटला समजावा.

४. रंधा मशीन विकावी, थोरल्याला देऊ नये. कारण असं. माझा भाऊ गेला तेव्हा मी टिपूस गाळलं नाही, असं सगळे कौतुकाने सांगतात. मी रोज दुपारी दार लावून मशीन चालू करायचो आणि त्या आवाजात रडून घ्यायचो. बाहेर वाटायचं, गडी कामाला वाघ आहे.

फळी लावली की मशीनचा आवाज जड होतो. रिकामी असली की ती नुसती किंचाळते. थोरल्या, सूनबाई सोडून गेल्यावर तू चार दिवस आलास. चारही दुपारी मशीन रिकामी चालली. जमिनीवर चिमूटभर भुसा नव्हता.

"काय केलंस रे आज?"

"फळ्या तासल्या, बाबा."

"बरं," म्हणालो आणि चहा प्यायलो.

५. तू नऊ वर्षांचा असताना पटाशीने बोट कापलंस. मी म्हणालो होतो, "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?" मृत्युपत्रात आधीची मृत्युपत्रं रद्द करतात. माझं आधीचं एकही नाही. ते वाक्य तेवढं मी याद्वारे रद्द करतो.

६. मशीनच्या जागी दोन स्टुलं ठेवावीत.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई; आणि शेजारचा शिंपी. हे वाचून सही करताना तो म्हणाला, "उस्ताद, मशीन माझ्याकडेही आहे." त्याला बसवून घेतलं.

ठिकाण: कारखाना, खिडकीजवळ. तारीख तीन, सोमवार, दुपार.

सही: तुमचा बाबा

ता.क. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. थोरल्या, तुला याची नक्कल आजच पोस्टाने धाडतो, कारण उत्तर मला वाचायचं आहे. झोप लागते की नाही, एवढंच खरं लिही. लवकर लिही.