तांदळाच्या डब्यातली बाटली

प्रिय आई,

काल वाशीला तुझ्या डॉक्टरांकडे गेले होते. माझ्यासाठीच गं. तीन महिने झाले, सकाळी उठवत नाही, भाजी चिरता चिरता हात थांबतात. तुझं ते मलाही आलंय. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

आठवतं, त्यांनी तुला औषधाच्या चाचणीत घेतलं होतं? "औषध जुनंच आहे, फिट्सचं. कशालाच दाद न देणाऱ्या डिप्रेशनवर चालतं का, ते बघतोय. बाटलीत खरी गोळी असेल किंवा नुसती पिठाची. मलाही माहीत नाही." तू फक्त मान हलवलीस.

आणि दीड महिन्याने तू करावे गावच्या मासेवालीशी भांडलीस! बोंबील ताजे नाहीत म्हणून! ती टोपली टेकून हसत सुटली, "अगो बाय, मना वाटलं मुकीच हाय तू!" मी ओट्यापाशी उभी राहून रडले होते.

मग मुलाकडच्यांचं मला बघायला यायचं ठरलं. मुलाची मावशी आपल्याच नेरूळच्या सोसायटीत. घरात फिट्सची गोळी आहे हे तिला कळलं तर? मुलीलाही येत असतील म्हणेल! मी बाटली तांदळाच्या डब्यात खुपसली. "लग्न होईपर्यंत गोळी नको घेऊस ना गं," म्हटलं.

ओरडायचंस तरी! बोंबलांसाठी भांडता येतं आणि स्वतःसाठी नाही? "तुझं होऊ दे आधी," एवढंच म्हणालीस. डॉक्टरांनी शेजारच्यांच्या फोनवर दोनदा निरोप ठेवला. मी तुला सांगितलाच नाही, आई.

बाटली डब्यातच राहिली. माझ्या लग्नात तू पुन्हा गप्प होतीस. दोन वर्षांनी झोपेतच हार्ट अटॅकने गेलीस, तीही गप्पच.

काल धीर करून विचारलं. चाचणी संपल्यावर त्यांनी कुणाला कुठली गोळी होती त्याची बंद पाकिटं उघडली होती. म्हणाले, "तुमच्या आईंना खरी गोळी होती."

पिठाची निघाली असती तर किती बरं झालं असतं गं!

मलाही तीच लिहून दिलीये. बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवलीये, मिठाशेजारी. रविवारी सासूबाईंची बहीण जेवायला येतेय, तीच मावशी. बघेल, विचारेलच, "कसली गं ही?"

शब्द देते तुला, लपवणार नाही. सांगेन, "फिट्सची आहे. माझ्या आईला लागू पडली होती."

तुझीच,
बेबी