‘अभी कच्चा है’ एवढंच

खाँसाहेब,

परवा एका कॉलेजच्या गायन स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. एक मुलगी बरी गायली. मी तिच्या शिक्षिकेला तसं सांगितलं, तेव्हा त्या बाई लगेच म्हणाल्या, "हो ना सर, फारच तयार आहे ती, मी तर सगळ्यांना सांगते." सोबतच्या परीक्षकांनी नाक मुरडलं. मी मात्र त्या बाईंकडे पाहतच राहिलो. इतकी सोपी गोष्ट होती ती, आणि तुम्हाला ती जमली नाही. घरी येऊन हे लिहायला बसलो आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यावर लिहिलं, छापखान्याचा माणूस दारात उभा असताना लिहिलं. या मजकुराची मात्र कुणी वाट पाहत नाही.

जालन्यातलं तुमचं ते दोन खोल्यांचं घर आता कुणाला दाखवता येत नाही, पण मला त्याचा उंबरा पायाला आठवतो. मी औरंगाबादेला इंटरला. तेव्हा निजामाचं राज्य, सुट्टी जुम्म्याची, शुक्रवारची, म्हणून आदल्या संध्याकाळच्या गाडीनं जालन्याला मामांकडे यायचो आणि दुपारी तुमची नमाज झाली की तुमच्यासमोर बसायचो. आत अम्मा, तुमच्या बेगम, भाकरी थापत असायच्या, आणि माझा सूर हलला की त्यांचा हात थांबायचा. तुम्ही ओरडायच्या आधी मला तो थांबलेला हात कळायचा. संध्याकाळी मामांकडे परतलो की मामी सदरा दारातच काढायला लावायच्या आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीकडे येऊ द्यायच्या नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीत. न बोलणं हा तुमचा गुण आहे असं मी तेव्हा समजायचो.

तुमचा रिवाज मला पहिल्यांदा कळला तो राजूरला. चतुर्थीला गणपतीपुढे तुम्ही गायलात आणि मधेच मला पुढे केलंत. माझं झाल्यावर एक सावकार म्हणाले, "खाँसाहेब, पोरगं छान तयार केलंय." तुम्ही कानाला हात लावून म्हणालात, "कहाँ साहब, अभी कच्चा है." माझा चेहरा उतरला. तेवढ्यात तबला शिकवणारे मास्तर, तुमचे जुने साथीदार, डग्ग्यावर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "सावकार, ह्यांचं कच्चं म्हंजे आमचं उतू गेलेलं! पोरगं बिलकुल तयार हाय." सगळे हसले, तुम्हीही मान खाली घालून हसलात. मग मला समजलं. उस्तादानं स्वतःच्या तोंडानं चेल्याला कच्चा म्हणायचं आणि दुसऱ्या गुणी माणसानं ते तिथल्या तिथे खोडून काढायचं. कौतुक व्हायचं ते असं दोघांत मिळून. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं. एकट्या पहिल्या वाक्याला काही अर्थच नव्हता.

त्याच वर्षी गाणं शिकवणाऱ्यांच्या मंडळानं कॉलेजच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली. तुम्ही त्या मंडळात होतात, मास्तरही होते. पहिला येईल त्याला हैदराबादेत दोन वर्षं राहून मोठ्या उस्तादांकडे शिकायला वजिफा, सरकारी शिष्यवृत्ती. मी वडिलांना विचारायला तीर्थपुरीला गेलो. ते बैलांना वैरण टाकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाणं म्हणून पोट भरतं का रे? सरकारनं खर्चा दिला तर जाय, मी आडवा येणार न्हाई. न्हाई दिला, तर जालन्याच्या जिनिंगमध्ये जागा धरून ठेवलीय तुझी. मंग रडायचं न्हाई." एवढी सरळ गोष्ट होती. वजिफा मिळाला तर गाणं, नाही तर कापूस. मी हे तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चल, भीमपलासी निकाल."

औरंगाबादेतला तो हॉल. खिडक्यांना हिरवे पडदे, समोर टेबल. अध्यक्ष म्हणून हैदराबादहून एक प्रोफेसर आले होते, तर्कशास्त्र शिकवणारे. गाण्यातलं त्यांना फार कळत नसावं, पण माणूस अगदी सरळ आणि नियमाचा. मागच्या साली पक्षपाताची तक्रार झाली होती म्हणून त्यांनी नवा नियम केला होता: एखाद्या मुलाबद्दल फक्त त्याच्याच गुरूला विचारलं जाईल, बाकी शिक्षकांनी तोंड उघडायचं नाही. मी गायला बसतो. तंबोरा लागलेला आहे. मध्यमावर येऊन थांबतो आणि खिडकीशी बोलत उभी असलेली माणसं बोलायची थांबतात. मास्तर तबल्यावरून मान वर करून माझ्याकडे बघतात. तुम्ही मात्र जमिनीकडे पाहता आहात.

शेवटी दोघं उरलो, मी आणि एका वकिलाचा मुलगा. प्रोफेसर म्हणाले, "दोघांचे गुण सारखे आहेत. आता गुरूंनीच सांगावं, मुलगा या वजिफ्याला योग्य आहे का?" वकिलाच्या मुलाचे गुरुजी उठले, "हिरा आहे साहेब. पैलू पाडायला तेवढं हैदराबाद पाहिजे." मग तुम्ही उठलात. शेरवानीची गुंडी लावलीत. कानाला हात लावलात. "अभी कच्चा है, साहब."

मास्तरांनी लगेच तोंड उघडलं. "साहेब, खाँसाहेबांचं कच्चं म्हंजे—"

"इतरांनी बोलू नये," प्रोफेसर म्हणाले आणि हात वर केला.

तुम्ही अजून उभे होतात. हे मी विसरू शकत नाही. तुम्ही बसला नाहीत, उभेच राहिलात आणि मास्तरांकडे पाहत राहिलात, जणू गाडं थोडं अडलंय, आत्ता सुटेल. मास्तरांनी तुमच्याकडे पाहिलं, प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसर थांबले होते. त्यांनी तुम्हाला पुन्हा विचारलं, "म्हणजे अजून वेळ आहे म्हणता?" आणखी काय करायचं होतं त्या भल्या माणसानं? दार उघडून उभा होता तो. "नाही साहेब, जाऊ द्या त्याला," इतकंच म्हणायचं होतं. तुम्ही पुन्हा कानाला हात लावलात आणि बसलात. प्रोफेसरांना वाटलं, इतका प्रामाणिक गुरू त्यांनी पाहिला नव्हता. तसं ते बोललेही. टाळ्या वाजल्या, त्या तुमच्यासाठी.

परतीच्या गाडीत मास्तर धुमसत होते. "खाँसाहेब, एक शब्द, अहो एक शब्द बोलायचा होता!"

"अपनेच मुँह से?"

"मंग कुणाच्या? माझ्या तोंडाला तर त्या साहेबानं कुलूप घातल्तं! पोराचा बाप त्याला जिनिंगला घालून राह्यलाय, माहीत हाय ना तुम्हाला?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "अपने चेले की तारीफ अपन करना, वो उस्ताद नै, दलाल का काम है." बदनापूरला गाडी थांबली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. तुम्ही म्हणालात, "बेटा, चने खाएगा?"

मी जिनिंगमध्ये बसलो. कापसाची बारीक धूळ नाकातोंडात जाते, पहिल्या हंगामात खोकला येतो, दुसऱ्या हंगामात वरचा षड्ज जातो. गाणं सुटलं, तेव्हा दुसऱ्यांच्या गाण्यावर लिहायला लागलो. मी तुमच्याकडे येणं कमी केलं आणि मग बंद केलं. तुम्ही कधी बोलावणं पाठवलं नाहीत. मी स्वतःची समजूत घालत आलो की खाँसाहेब खरंच बोलले असतील. गळा कच्चाच असेल, माणूस खोटं कशाला सांगेल? त्या समजुतीवर माझं बरं चाललं होतं. राग करण्यापेक्षा आपण कमी होतो असं मानणं सोपं जातं.

मग तुम्ही गेलात. पुढे वर्षभरात संस्थानही गेलं. त्याच्या आधी, तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला, मी आलो होतो. अम्मांनी आतल्या पेटीतून एक कापड काढलं. त्यांच्या जुन्या निळ्या लुगड्याची, आतून कापूस भरून टाचलेली तंबोऱ्याची गवसणी. म्हणाल्या, "ये तेरी है. हैदराबाद ले जाने को शिवली होती."

मी विचारलं, "कधी?"

"वो मुकाबले के पहले. मैंने बोली, अभी से कायको? नतीजा तो आने दो. तो बोले, तू शिव, वो लडका जाताच है. माप बी खुदच ला के दिए."

अम्मांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी त्यांच्या पाया पडलो, गवसणी घेतली आणि स्टेशनपर्यंत चालत गेलो. तोपर्यंत मला तुमचा राग आला नव्हता. त्या वाटेवर पहिल्यांदा आला, आणि तो अजून आहे. तुम्हाला माहीत होतं, खाँसाहेब. गवसणीचं माप घेण्याइतकं पक्कं माहीत होतं. तुम्ही मला कमी लेखलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्ही मला पूर्ण जोखलं होतं आणि तरी आपली रीत मोडली नाहीत. रीत राखली तुम्ही, आणि तिची किंमत माझ्या गळ्यानं दिली. तो प्रोफेसर परका होता, त्याला रिवाज ठाऊक नव्हता. तुम्हाला तर त्याचा नियम ठाऊक होता.

लोक म्हणतात, जुन्या गुरूंची विनयशीलता आता राहिली नाही. तुमच्यावर मी कधी लिहिलं नाही, याचं त्यांना नवल वाटतं. काय लिहू? तुम्ही फार मोठे होतात, हे खरं आहे. तुमचा मोठेपणा राखायला त्या दिवशी दुसरा माणूस लागत होता आणि तो गप्प बसवला गेला, हेही खरं आहे.

गवसणी अजून आहे. तंबोरा कधीच विकला, आता तिच्यात हिवाळी कपडे ठेवतो. हे पत्र कुठे टाकायचं असतं तर टाकलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण एक गोष्ट राहिली. परीक्षकांच्या ओळखी करून देताना परवा कुणी तरी विचारलं, "तुम्हीही गात होता ना?" माझा हात आपोआप कानाकडे गेला. मी म्हणालो, "छे, कच्चं होतं सगळं." आणि बोलून झाल्यावर मी थांबलो, आजूबाजूला पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. तुम्ही त्या हॉलमध्ये कसे उभे होतात ते मला तेव्हा कळलं, तरी राग गेला नाही. म्हणून इथे, जिथे ऐकायला कुणी नाही, तिथे स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकतो. तुम्ही मला दलाल म्हणा.

त्या दुपारी मी फार चांगलं गायलो होतो.